छतात बसविलेले दिवे व उष्णता निरोधन

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील थंड प्रदेशांत उतरते छप्पर आणि खोल्यांचे सपाट छत यांमधील माळ्यात काचतंतू, खनिज लोकर किंवा सेल्युलोज यांचा जाड थर पसरून घरातील ऊब राखतात. छताशी समतल बसविलेल्या दिव्यांचे धातूचे डबे या थरात शिरतात. तापदीप्त दिव्याला पुरविलेल्या विद्युत् ऊर्जेपैकी सु. ९० टक्के वा अधिक ऊर्जेची उष्णता होते. डबा निरोधकाने झाकल्यास ती कोंडते, तारांचे आवेष्टन ठिसूळ होते व लगतचे लाकूड करपत जाऊन पेटू शकते. काचतंतू जळत नाहीत. पण उष्णता तेही कोंडतातच, आणि त्यांचे कागदी अस्तर ज्वालाग्राही असते.

यास्तव अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेनुसार निरोधकाच्या स्पर्शास मान्यता नसलेल्या डब्यापासून निरोधक किमान ७५ मिमी. दूर ठेवावा लागतो. डब्यावरही तो पसरीत नाहीत. ‘आयसी’ खुणेच्या डब्यावर मात्र तो थेट पसरता येतो. डब्यातील उष्णतारक्षक स्विच अतितापाने दिवा बंद करतो. अधूनमधून आपोआप मालवून पुन्हा लागणारा दिवा पुष्कळदा असा कोंडलेला असतो.

मोकळ्या सोडलेल्या जागेतून ऊब निसटते. डब्याच्या छिद्रांतून वर गेलेल्या दमट हवेतील बाष्प हिवाळ्यात छपराच्या फळ्यांवर साचून त्या कुजतात. त्यामुळे हवाबंद आयसी डबा अधिक समाधानकारक होय. एलईडी दिवे कमी तापतात; तथापि जुन्या डब्याभोवतीचे अंतर त्यांमुळे कमी करता येत नाही, कारण त्याच डब्यात पुढे तापदीप्त दिवाही लावला जाऊ शकतो.