मनातले मांडे, परदेशातले पान

आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाही. मागच्या पिढीला साठीशांत ठाऊक होती, सहस्रचंद्रदर्शन ठाऊक होते. लग्नाची तिथी मात्र एखाद्या पक्वान्नावर भागत असे, आणि ते पक्वान्नही जिची तिथी तीच रांधीत असे. आता घरोघरची मुले परदेशी आहेत. आईवडील चार-सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात, आणि त्या मुक्कामात हा दिवस आला की त्यांना नकळत एखादे जेवण घडवून आणावे, अशी हौस मुलांना वाटते. हौस चांगलीच आहे. ती पार कशी पाडावी, एवढाच प्रश्न.

बेळगावच्या आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी लंडनला स्थायिक झाला आहे. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे होत होती. त्याने मला दूरध्वनी केला. म्हणाला, "सर, आईला काही कळता कामा नये. पण खरे सांगू? तिला काय आवडते, हेच मला नीट ठाऊक नाही." आईच्या हातचे आपल्याला काय आवडते, हे आपण झोपेतही सांगू, तिच्या आवडीविषयी विचारले की पुष्कळांची जीभ अडखळते. म्हणून त्याच्या त्या प्रश्नाचे मला कौतुक वाटले.

प्रवास गुप्त ठेवता येत नाही. पारपत्र, व्हिसाचा अर्ज, औषधांच्या चिठ्ठ्या, या साऱ्यांत आईवडिलांच्या सह्या आणि संमती लागतात. गुप्त राहू शकते ते फक्त जेवण. त्यासाठी पंचांग उपयोगी पडते. तिथी आणि तारीख साधारणपणे दर १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात. म्हणजे ३८ व्या आणि ५७ व्या वर्षी. ५० व्या वर्षी त्या बहुधा वेगळ्याच दिवशी पडतात. तिथी आधी आली तर वडीलधारी मंडळी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवून मोकळी होतात आणि तारखेची वाट पाहत नाहीत. त्या विद्यार्थ्याने तारीख निवडली, ती यामुळेच.

बेळगावकराच्या मनात पहिला विचार येतो तो कुंद्याचा आणि मांड्यांचा. आमच्याकडे लग्नकार्यात मांड्यांना मान असतो. परंतु भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत; तेव्हा खव्याचा कुंदा, पेढे, साजूक तूप हे सारे घरीच राहिले. मांड्यात खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध पदार्थांत मोडते. विमान दुबईमार्गे असेल तर मांड्यांचा डबाही बरोबर घेऊ नये. तेथे मांडे करावेत म्हटले, तर हातावर पोळी पेलून ती उलट्या कढईवर घालणारा सराईत हात कोठून आणावा? ते मांडे मनातच खावे लागले.

हॉटेलात जेवण ठरवायचे असेल तर शब्द जपून वापरावेत. तेथे शाकाहारी म्हटल्याने अंडे वर्ज्य होत नाही. चीजमध्येही वासराच्या जठरातील रेनेट असू शकते. 'व्हेगन' म्हटले तर अंडे जाते, पण त्याबरोबर दही आणि तूपही जाते. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे प्रकृतीला बाधणाऱ्या १४ पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. त्या यादीत मोहरी आहे, तीळ आहे, शेंगदाणा आहे. कांदा-लसूण मात्र नाही. घरात चातुर्मास पाळत असतील तर ते वेगळे सांगावे, आणि आधी सांगावे.

वेळेचाही विचार हवा. जूनअखेर लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. दिवेलागणीनंतर जेवणाऱ्या माणसाने पान कधी मांडावे? शिवाय उन्हाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असते. तेथे दुपारचा एक वाजला की येथे साडेपाच होतात. बेळगावचे भाऊबंद पडद्यावर येऊन आशीर्वाद देऊ-घेऊ शकतात. तेथील रात्रीच्या जेवणाला ते झोपलेले असतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण तर आश्चर्यासाठी अर्धा तासही लांबवू नये. आश्चर्य समारंभाचे असावे, पथ्याचे नसावे.

पैशांची गोष्ट नाजूक असते. लंडनच्या पुष्कळ हॉटेलांत देयकावर साडेबारा टक्के सेवाशुल्क चढते. पौंडांचे रुपये करीत बसलेल्या वडिलांच्या घशाखाली घास उतरत नाही. पदार्थ आधी ठरवून हिशेब आधीच चुकता करावा, हे उत्तम.

आईच्या आवडीचे कोडे अखेर मावशीने सोडवले. मीच तिला शहापुरात गाठून विचारले. ती म्हणाली, "तिला पक्वान्न नको हो गुरुजी. तिला तव्यावरची गरम पोळी वाढा. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली ती." मला त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आठवला. आम्ही चाळीस माणसे जेवलो होतो, आणि त्या माउलीने सर्वांच्या शेवटी, गार झालेल्या भातावर ताक घेतले होते.

मग हॉटेलाचा बेत मोडला. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तेथील मराठी घरे एकमेकांना धरून असतात. ओळखीतून स्वयंपाकाला एक बाई मिळाल्या. वरण-भात, अळूची भाजी, मठ्ठा, पुरण आणि तव्यावरून थेट पानात येणारी पोळी, एवढाच बेत. मुलाने आणि सुनेने वाढले. आई दोनदा वाढायला उठल्या. दोन्ही वेळा वडिलांनी त्यांचा हात धरून त्यांना बसवले. तिसऱ्या पोळीच्या वेळी त्या उठल्या नाहीत. वडिलांनी नाव घेण्याचा आग्रह केला, तेव्हा मात्र म्हणाल्या, "आधी जेवू द्या, पोळी गार होते."

परदेशात असलेल्या वाचकांच्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. हॉटेल, केक, फुले यांची चौकशी सावकाश करा. त्याआधी घरच्या एखाद्या मावशीला किंवा आत्याला विचारून घ्या, की आईने काय खायचे राहून गेले आहे. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे विचारून घ्यावे.