येसूबाई आणि झीनतुन्निसा : आश्रय की सख्य?

मैत्रीला समानतेची भूमी लागते, असे आपण मानतो. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने संभाजीराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड पडून येसूबाई बाल शाहूसह मोगल छावणीत बंदिवान झाल्या. तेथे या मायलेकरांना ममतेने सांभाळले ते बादशहाचीच कन्या झीनतुन्निसा हिने. एकीला उपकार नाकारण्याची मुभा नव्हती. दुसरीला बंदिवास संपविण्याचा अधिकार नव्हता. १७०७ मध्ये, बादशहाच्या मृत्यूनंतर, शाहू सुटले. येसूबाईंची सुटका मात्र १७१९ पर्यंत लांबली. म्हणून ऐतिहासिक कादंबरीकाराने या नात्यास निखळ सख्याचा रंग देणे उचित नव्हे. ममतेइतकाच बंदिवासही खरा होता. या दोहोंचे भान राखणारी कलाकृतीच त्या दोघींना न्याय देऊ शकेल.