मुलाखत, अर्ज आणि मेमोचे उत्तर

आपल्या समाजातील मुले-मुली आज स्पर्धा परीक्षांच्या लेखी भागात कोणाच्या मागे नाहीत. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत दिवा जळताना आपण सर्वच पाहतो. परंतु लेखी परीक्षा पार करून मुलाखतीत गुण कमी पडले, किंवा नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी कागदावर भलतेच काही लिहून देऊन अडचण ओढवून घेतली, अशीही उदाहरणे कानावर येतात. याचे कारण बुद्धी कमी आहे असे नव्हे. ज्यांचे वडील, काका, आत्या कचेरीत होते, त्यांच्या कानावर ही भाषा जेवताना पडते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती नव्हती. म्हणून ती मुद्दाम शिकावी लागते.

प्रथम मुलाखतीविषयी. केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. बँकांच्या लिपिक भरतीतही आता मुलाखत नाही. प्रोबेशनरी ऑफिसरसाठी मात्र ती आहे. आय.बी.पी.एस.च्या पद्धतीत मुलाखत १०० गुणांची असते. किमान ४० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ३५ टक्के गुण लागतात. अंतिम यादी करताना मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे वजन दिले जाते. वीस हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण यादीच्या टोकाला उमेदवार गुणांच्या अपूर्णांकाने मागे-पुढे होतात, हे ज्याची निवड थोडक्यात हुकली त्याला विचारावे.

कला शाखेच्या पदवीधराला एक प्रश्न हमखास येतो : "बी.ए. केले, मग बँकेत कशाला?" प्रस्तुत लेखकही कला शाखेचाच, त्यामुळे या प्रश्नाशी जुनी ओळख आहे. "बँकेत नोकरी सुरक्षित असते" हे उत्तर खरे असले तरी दुबळे आहे, कारण ते कोणीही देऊ शकतो. आपण जे शिकलो त्याचा बँकेच्या कामाशी धागा जोडावा. भूगोल घेतला असेल तर आपल्या तालुक्यातील पाऊस, पिके आणि पीककर्ज यांबद्दल बोलता येते. इतिहास असेल तर १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे झाले, त्यामुळे खेड्यात काय बदलले, हे सांगता येते. मराठी असेल तर सरळ सांगावे की काउंटरवर असे कितीतरी खातेदार येतात ज्यांना फॉर्म वाचता येत नाही. बँकेचा नियम त्यांना त्यांच्या बोलीत समजावून देणे हेही बँकेचेच काम आहे. मात्र आपण जो विषय काढतो त्यावरच पुढचा प्रश्न येतो. पीककर्ज म्हटले की किसान क्रेडिट कार्ड आलेच. त्याची तयारी नसेल तर तो विषय काढूच नये.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. "गाव कोणते? वडील काय करतात?" येथे आपल्या मुलांचा आवाज एकदम खाली जातो. काहीजण "खाजगी नोकरी" असे मोघम बोलून सुटका करून घेतात. काहीजण उलट टोकाला जाऊन घरच्या हलाखीचे वर्णन सुरू करतात. मला दोन्ही पसंत नाही. "वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. आई चार घरची कामे करते. घरात पदवीधर झालेली मी पहिली." एवढे समोर पाहून बोलावे आणि थांबावे. गाव विचारले तर तालुका, जिल्हा, जवळची नदी किंवा धरण, मुख्य पीक सांगावे. असा प्रश्न कधी निव्वळ ओळखीसाठी असतो, कधी नसतोही. त्या दहा-पंधरा मिनिटांत उमेदवाराला त्याचा छडा लावता येत नाही, आणि लावत बसूही नये. तेवढ्यात पुढच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते.

जे येत नाही त्याला "माहीत नाही सर" किंवा "माहीत नाही मॅडम" म्हणावे. अंदाजाने आकडा फेकू नये. ठेवींवरील विमा संरक्षण किती, असे विचारले आणि उमेदवाराने जुनी एक लाखाची मर्यादा ठोकून दिली, तर फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली हे मंडळाला ठाऊक असते. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्यांनी लहान वाक्ये करावीत. घरी आरशासमोर बोलण्यापेक्षा दोन मित्रांना समोर बसवून प्रश्न विचारायला लावणे बरे, कारण आरसा मध्येच अडवत नाही. एम.पी.एस.सी.ची मुलाखत मराठीतून देता येते, हे सोयीचे आहे. पण मोघम उत्तर मराठीतही मोघमच राहते.

नोकरी लागल्यावर तोंडी बोलण्यापेक्षा कागद मोठा होतो. साधा रजेचा अर्ज घ्या. पुष्कळांचे अर्ज "मी आपल्या शाखेत इमानेइतबारे काम करीत असून" असे सुरू होतात आणि रजेच्या तारखा शेवटच्या ओळीत सापडतात. साहेबांच्या टेबलावर असे वीस कागद असतात. त्याऐवजी असे लिहावे : "आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दि. १२ ते १६ अशी पाच दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. रुग्णालयाचे पत्र सोबत जोडले आहे. पेन्शन खात्यांचे माझे काम या काळात शेजारच्या सहकाऱ्याने पाहण्याचे मान्य केले आहे." काय हवे, का हवे आणि मागे कामाचे काय, हे तीन वाक्यांत आले. विनंतीचा शब्द एकदाच पुरतो.

खरी कसोटी लागते ती मेमो आल्यावर. नवीन मुलगा घाबरतो आणि "झाल्या चुकीबद्दल क्षमा असावी, यापुढे असे होणार नाही" असे त्याच दिवशी लिहून देतो. चूक झालेलीच नसेल तर या एका वाक्याने ती कबूल झाली, आणि हा कागद सेवापुस्तकाच्या फाईलमध्ये राहतो. दुसरा मुलगा संतापून चार पाने लिहितो आणि त्यात साहेबांचा स्वभाव काढतो. त्यानेही नुकसानच होते, मग त्याचे म्हणणे कितीही खरे असो.

मेमोत म्हटले असेल की दि. ४, ९ व ११ रोजी उशिरा आलात, तर तीन तारखांना तीन उत्तरे द्यावीत. "दि. ४ व ११ रोजी लोकल गाड्या विस्कळीत असल्याने अनुक्रमे २० व १५ मिनिटे उशीर झाला. दि. ९ रोजी मी आपल्याच सूचनेनुसार करन्सी चेस्टला रोख आणण्यासाठी गेलो होतो. मूव्हमेंट रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे." जे घडले ते मान्य, जे घडले नाही ते अमान्य, आणि पुराव्याचे नाव. विशेषणे नकोत. उत्तराची मुदत चुकवू नये. वेळ कमी असेल तर मुदतवाढ लेखी मागावी. देण्यापूर्वी युनियनच्या जाणत्या माणसाला मसुदा दाखवावा. बँकांतील लिपिक व अधीनस्थ कर्मचाऱ्यांसाठी शिस्तभंग कारवाईची पद्धत १० एप्रिल २००२ च्या करारात दिलेली आहे. प्रकरण चौकशीपर्यंत गेले तर युनियनचा प्रतिनिधी सोबत घेता येतो. हे अनेकांना ठाऊकच नसते.

तोंडी आदेशाचेही असेच आहे. फोनवरून "करून टाका" असे सांगितले जाते आणि पुढे कोणी सांगितल्याचे आठवत नाही. अशा वेळी भांडू नये. त्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल करावा : "आज सकाळी आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार अमुक काम केले आहे. माहितीसाठी सादर." ई-मेलला विषय लिहावा, आणि सर्वांना उत्तर जाणारे बटण दाबण्याआधी नावे वाचावीत. व्हॉट्सॲपवर रजा कळवली तरी अर्ज वेगळा द्यावाच.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घ्यावा. शिक्का मागताना संकोच वाटतो, पण तो मागणे हा अविश्वास नव्हे, ती कचेरीची रीतच आहे. ही शिक्क्याची प्रत घरी फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावी आणि बदली झाली तर फाईल बरोबर न्यावी.