त्रिविध शर्यत : बैठ्या माणसानें ती कशी गांठावी?

मनुष्याचें शरीर वापरल्यानें जितकें झिजतें त्याहून अधिक न वापरल्यानें गंजतें, असें आम्ही शिक्षक वर्गांत वारंवार सांगतों. आणि सांगून झालें म्हणजे खुर्चीवर बसतों. प्रस्तुत लेखकहि वीस वर्षें असाच सांगत व बसत आला. तेव्हां पुढील विवेचन कोणा मल्लाचें नसून एका बैठ्या माणसाचें आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

दोन वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गाची सहल चांदबिबीच्या महालास गेली होती. (हा महाल वस्तुतः निजामशाहींतील मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.) अर्धी टेकडी चढतांच मला धाप लागली, डोळ्यांपुढें काजवे चमकले व मी एका दगडावर बसलों. एका विद्यार्थ्यानें कांहीं न बोलतां माझ्या हातांतील पिशवी घेतली. दुसऱ्यानें पाणी आणून दिलें. मुलें हंसलीं असतीं तर बरें वाटलें असतें. पण तीं हंसलीं नाहींत, घाबरलीं. माझे वडीलहि शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, आणि पुढील नऊ वर्षें त्यांनीं खिडकीपाशीं बसून काढलीं. त्या दगडावर मला ती खिडकी आठवली. पुढल्या आठवड्यांत डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, रक्तांतील साखर व रक्तदाब हीं दोन्ही मर्यादेबाहेर गेलीं आहेत. औषध देतों, परंतु औषधाच्या जोडीला चालावयासहि लागा.

चालण्यापासून झालेला तो आरंभ चौदा महिन्यांनीं ‘ट्रायथलॉन’ नांवाच्या शर्यतीपर्यंत पोहोंचला. ही शर्यत म्हणजे काय, तिची तयारी कोणत्या क्रमानें करावी व त्या क्रमाचें कारण काय, हें सांगण्याचा येथें उद्देश आहे.

ट्रायथलॉन म्हणजे त्रिविध शर्यत. प्रथम पोहणें, मग सायकल, आणि शेवटीं धांवणें, हीं तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्यें विश्रांति न घेतां करावयाचीं असतात. हा क्रम सोयीचा तर आहेच, पण शहाणपणाचाहि आहे. थकलेला धांवणारा चालूं लागतो, थकलेला सायकलस्वार खालीं उतरतो. परंतु थकलेला पोहणारा बुडतो. म्हणून ताज्या दमाचें काम पाण्यांत प्रथम उरकतात. अर्वाचीन स्वरूपांत ही शर्यत अमेरिकेंतील सान दिएगो शहरीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं पहिल्यानें झाली. पुढें हवाई बेटांत पोहणारा श्रेष्ठ, धांवणारा श्रेष्ठ कीं सायकलस्वार श्रेष्ठ, असा वाद निघाला, तेव्हां जॉन कॉलिन्स नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें तेथील तीन लांब शर्यती एकत्र गुंफण्याची युक्ति काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण निघाले व बारा जणांनीं शेवट गांठला. पहिला आलेला गॉर्डन हॅलर यास पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. हीच ती ‘आयर्नमॅन’ शर्यत : ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धांवणें. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत त्रिविध शर्यतीस प्रथम स्थान मिळालें. तेथील अंतरें १.५, ४० व १० किलोमीटर अशीं आहेत. नवशिक्यासाठीं याच्या निम्मीं अंतरें असतात : ७५० मीटर पोहणें, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धांवणें. या लेखांत जी शर्यत अभिप्रेत आहे ती ही शेवटची होय.

हें परदेशी खूळ आहे, आपल्या लोकांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण मिलिंद सोमण या मराठी गृहस्थांनीं वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ सालीं, स्वित्झर्लंडांतील झुरिच येथें आयर्नमॅन शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. आपल्या जिल्ह्याचे एके काळचे पोलीस अधीक्षक श्री. कृष्णप्रकाश यांनीं २०१७ सालीं फ्रान्समध्यें हीच शर्यत पार पाडली. पहांटेपासून रात्रीपर्यंत कामाचा भार असलेल्या अधिकाऱ्यास जर व्यायामाला वेळ सांपडतो, तर साडेदहा ते पांच शाळा असणाऱ्या आम्हांस तो सांपडत नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? २० ऑक्टोबर २०१९ रोजीं गोव्यांत पणजीनजीक मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली, तेव्हांपासून तर परदेशीं जाण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. बैठ्या माणसाच्या शरीरांत नियमित श्रमानें काय पालटतें? पहिला पालट हृदयांत होतो. हृदय हा स्नायु आहे. सराव झाला म्हणजे तें एका ठोक्यांत अधिक रक्त बाहेर टाकूं लागतें व स्वस्थ बसलें असतां त्याचे ठोके कमी पडतात. दुसरा पालट पायांच्या स्नायूंत होतो. स्नायूंच्या पेशींत प्राणवायूच्या साहाय्यानें अन्नापासून शक्ति निर्माण करणारे सूक्ष्म कण असतात, त्यांची संख्या वाढते. तसेंच स्नायु रक्तांतील साखर अधिक ओढून घेतात. मधुमेहाच्या रोग्यास चालावयास सांगतात त्याचें हें एक कारण आहे. तिसरा पालट हाडांत व स्नायुबंधांत होतो, आणि तो सर्वांत मंद असतो. येथेंच नवशिका फसतो. दम दोन महिन्यांत वाढतो, पण स्नायुबंध तितक्या त्वरेनें बळकट होत नाहींत. छाती म्हणते ‘पळ’, आणि नडगी म्हणते ‘थांब’. मीं छातीचें ऐकलें. तिसऱ्या महिन्यांत उत्साहाच्या भरांत एका आठवड्यांत दुप्पट अंतर धांवलों आणि पुढें पांच आठवडे लंगडलों. म्हणून अंतर वाढवितांना आठवड्यास थोडेंच वाढवावें, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा.

क्रम असा असावा. प्रथम वैद्याकडून तपासणी. चाळिशी उलटलेल्यानें ही पायरी कदापि गाळूं नये. नंतर पहिला महिना केवळ चालणें, दररोज अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. एवढ्यानें तें माप भरतें. दुसऱ्या महिन्यापासून एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. मग दोन धांवावें, दोन चालावें. धांवतांना शेजाऱ्याशीं पूर्ण वाक्य बोलतां आलें पाहिजे. न आल्यास गति जास्त आहे असें समजावें. वाडिया पार्कच्या मैदानावर मी असा प्रारंभ केला, तेव्हां काठी घेऊन फिरावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ मला मागें टाकून जात. अंतराची कल्पना हवी असल्यास आपला भुईकोट किल्ला मनांत आणावा. त्याचा घेर मैलाहून थोडा अधिक आहे. त्याला तीन वेढे घातले म्हणजे पांच किलोमीटर भरतात. पहिला वेढा पुरा धांवावयास मला चार महिने लागले.

सायकल हा तिहींत स्वस्त व सुलभ भाग. तिच्यांत शरीराचा भार बैठकीवर असल्यानें सांध्यांस धक्का कमी बसतो, म्हणून पाय दुखावला असतांहि ती बहुधा चालवितां येते. मात्र बैठकीची उंची नीट असावी : पायंडल खालीं असतांना गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. बैठक फार खालीं असल्यास गुडघे दुखूं लागतात, व त्याचा दोष लोक वयाला देतात. शहरापासून चांदबिबीच्या टेकडीचा पायथा सुमारें दहा किलोमीटर; जाऊन येऊन शर्यतीचें अंतर होतें. डोक्यावर शिरस्त्राण घातल्याविना मोठ्या रस्त्यावर जाऊं नये. शर्यतींतहि शिरस्त्राणाचा पट्टा बांधल्यावांचून सायकलीस हात लावतां येत नाहीं, असा नियम आहे.

सर्वांत कठीण पोहणें, विशेषतः आपल्या जिल्ह्यांतील माणसास. आपला बहुतेक प्रदेश पर्जन्यछायेंतील. सीना नदी पोहण्याजोगी नाहीं. पूर्वीं खेड्यांतील मुलें पाठीस वाळला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरींत शिकत. आतां पुष्कळ विहिरी आटल्या व भोपळेहि गेले. मी चव्वेचाळिसाव्या वर्षीं तलावाच्या उथळ बाजूस सहा वर्षांच्या मुलांबरोबर उभा राहिलों. तेथें जो धडा मिळाला तो असा : नवशिका बुडण्याच्या भीतीनें श्वास कोंडून धरतो, त्यामुळें अंगांतील दूषित वायु साठतो, जीव गुदमरतो व भीति दुणावते. उपाय उलट आहे. तोंड पाण्यांत असतांना श्वास हळूहळू सोडीत राहावें, म्हणजे मान वळवितांच नवा श्वास आपोआप येतो. हें एक साधलें कीं अर्धें पोहणें साधलें. दुसरें असें कीं, पाणी हवेहून सुमारें आठशें पट दाट आहे. म्हणून तेथें बळापेक्षां अंग आडवें व सरळ राखण्याचें मोल अधिक. विद्यार्थ्यांस येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. शेततळें दिसावयास शांत असतें, परंतु त्याच्या कडेवरील प्लास्टिकचा कागद निसरडा असल्यानें आंत पडलेल्यास वर येतां येत नाहीं. शेततळें, कालवा वा धरण यांत कोणीहि एकट्यानें उतरूं नये.

तिन्ही अंगें वेगवेगळीं साधलीं तरी त्यांचे सांधे जोडावयाचे राहतात. सायकलीवरून उतरतांच पाय लांकडाचे झाल्यासारखे वाटतात, कारण ते अर्धा-पाऊण तास गोल फिरण्यास संवकलेले असतात. यास्तव आठवड्यांतून एकदां सायकल फिरवून लगेच दहा मिनिटें धांवावें. आहारांत मीं विशेष कांहीं केलें नाहीं : बाजरीची भाकरी, डाळ व पालेभाजी कायम ठेवली, शिक्षकांच्या खोलींतील दिवसाचे पांच कप गोड चहा मात्र एकावर आणले. उन्हाळ्यांत येथील उष्णता चाळीस अंशांवर जाते, तेव्हां व्यायाम सूर्योदयापूर्वीं उरकावा व पाण्याबरोबर चिमूटभर मीठहि पोटांत जाऊं द्यावें. रक्तदाब असणाऱ्यानें मिठाविषयीं मात्र वैद्यास विचारावें.

अखेर दुसऱ्या जिल्ह्यांतील एका तळ्यावर माझी शर्यत झाली. पहिल्या शंभर मीटरांत कोणाचा तरी हात तोंडावर बसला, पाणी नाकांत गेलें, आणि सर्व शिकलेलें विसरून मी रक्षकाच्या नावेकडे वळलों. नावेची कड धरून थांबणें नियमाविरुद्ध नाहीं, फक्त पुढें सरकतां येत नाहीं. तेथें मीं दहा श्वास मोजले व पुन्हां निघालों. पोहावयास २७ मिनिटें, सायकलीस ५८ व धांवावयास ४१ मिनिटें लागलीं. कपडे व जोडे बदलण्यांत ७ मिनिटें गेलीं. एकंदर दोन तास तेरा मिनिटें. माझ्या मागें दोघे होते.

औषध सुटलें का, असें पुष्कळ जण विचारतात. सुटलें नाहीं, डॉक्टरांनीं त्याचें प्रमाण निम्में केलें आहे. वडिलांस आला तो झटका मला येणारच नाहीं, अशी हमी कोणतीहि शर्यत देत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, गेल्या डिसेंबरांत नववीचा नवा वर्ग चांदबिबीच्या टेकडीवर गेला, तेव्हां मधल्या एका दगडावर एक विद्यार्थी धापा टाकीत बसला होता. वय चौदा, हातांत मोबाइल. त्याची पिशवी मीं घेतली.

मुलांनो, या प्रसंगाचा मला अभिमान वाटला नाहीं, चिंता वाटली. तुमच्या वयास दररोज सरासरी एक तास घाम गाळण्याची आवश्यकता आहे, आणि तुम्हांपैकीं किती जण तो गाळतात हें तुम्हींच मनाशीं मोजावें. त्रिविध शर्यत सर्वांनीं केली पाहिजे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु चव्वेचाळिसाव्या वर्षीं जें मला दुखापत, लाज व भीति यांचें मोल देऊन विकत घ्यावें लागलें, तें तुम्हांस आज फुकट मिळण्यासारखें आहे. शाळेंत चालत या, सायकल पुसून बाहेर काढा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं पोहावयास शिका. उद्यांची सकाळ त्यास पुरेशी आहे.