पार्किंग नकाशात, गाड्या वाडीत

मे महिन्यातल्या एका शनिवारी अलिबागमधल्या एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मी टेप घेऊन उभा होतो. ताईने तिथे फ्लॅट पाहिला होता आणि पार्किंगचे पैसे वेगळे सांगितले होते. जागा क्रमांक सात. पिवळ्या पट्ट्यांमध्ये अडीच मीटर भरत होते, पण एका बाजूचा खांब पट्टीच्या आत आलेला. खांब सोडून मोजलं तर २.३१. इनोव्हा १.८३ मीटर रुंद असते. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. गाडी आत जाईल, पण भावजी उतरणार कुठून?

तिथून निघालेली चौकशी पुढे दोन महिने चालली. पार्किंगबद्दल आपल्याकडे किती गोष्टी ऐकीव आहेत, ते तेव्हा कळलं.

पहिली ऐकीव गोष्ट अशी की हे मुंबईचे नियम आहेत, आपल्या गावाला कसलं पार्किंग. उलट आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि वगळली गेली ती मुंबई महापालिका! एमआयडीसी, नैना, जेएनपीटीचं क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा अशी आणखी काही नावं वगळलेल्यांत आहेत. म्हणजे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन नगरपरिषदांना आणि प्रादेशिक योजनेतल्या गावांना पुण्याचंच पुस्तक. (माथेरान त्यात नाही. तिथे मोटारीच चालत नाहीत, सगळ्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही.) पुस्तक एक असलं तरी आकडा एक नाही. कोष्टकातून निघालेल्या संख्येला शहराच्या आकारानुसार गुणक लावतात. शहर लहान तसा गुणक कमी.

गावठाणाबाहेरच्या वाडीत बांधायचं तर ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो, हा समज नागाव-आक्षीकडे अजून घट्ट आहे. पण तिथल्या प्रकल्पाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून यावी लागते आणि पार्किंगचा हिशेब त्या नकाशातच असतो.

दुसरा समज खर्चात पाडणारा आहे: एक फ्लॅट, एक गाडी. नियमावली फ्लॅट मोजत नाही, चटईक्षेत्र मोजते. ४० ते ८० चौरस मीटरच्या दोन सदनिकांमागे एक चारचाकी धरली जाते, वर दुचाकी वेगळ्या, आणि पाहुण्यांसाठी पाच टक्के. त्याच्यावर गुणक. आता रायगडच्या किनाऱ्यावर साधारण याच मापाचे टूबीएचके विकले जातात, आणि घेणारे बहुतेक दादर-ठाण्याचे. नियमाने अशा दोन घरांना मिळून जेमतेम एक गाडी, प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री घरटी दोन. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. गाडी घेऊन येणं सोपं झालं. कोष्टक मात्र राहणाऱ्याचं आहे, शनिवार-रविवारचं नाही. त्यामुळे बिल्डरने नियम तंतोतंत पाळला तरी गाड्या शेजारच्या वाडीच्या कुंपणाला टेकतात. इथे नियम मोडलेला नसतो, अपुरा असतो. नियम पाळल्याचा शिक्का म्हणजे जागा मिळण्याची हमी, असं ज्याला वाटतं त्याने ऑगस्टच्या एखाद्या सलग सुट्टीत वरसोलीच्या रस्त्यावर उभं राहावं.

मग सरसकट आकडा वाढवावा का? मला नाही वाटत. एक गाडी उभी करायला साडेबारा चौरस मीटर, वळायला-निघायला जवळपास तेवढेच. वीस गाड्या म्हणजे पाचशे चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे. इथे ते पाच गुंठे नारळी-पोफळीचे असतात. अमेरिकेतल्या प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या पुस्तकात हीच तक्रार केली होती, की फुकट दिसणाऱ्या पार्किंगची किंमत घरात मिसळून सगळेच भरतात. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट काढून उलट कमाल मर्यादा घातली. पण तिथे मेट्रो आहे. आपल्याकडे रेवदंड्याला शेवटची एसटी चुकली की रिक्षावाला सांगेल तो दर.

आता पैशांचा गुंता. यात दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बिल्डर म्हणतो, "पार्किंग आमचं, विकू ते आमच्या मर्जीने." घेणारा म्हणतो, "सुप्रीम कोर्टाने पार्किंग विकायला बंदी केली आहे." दोघंही अर्धवट बोलतात. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. हा निकाल १९६३ च्या मोफा कायद्याखालचा. नंतर २०१६ चा रेरा आला. त्यात उघडी पार्किंग जागा सामाईक क्षेत्रात गेली. तिचे पैसे घेता येत नाहीत, रंगवलेला नंबर असो वा नसो. पण राज्याच्या रेरा नियमांत स्टिल्ट, तळघर, पोडियम, यांत्रिक पार्किंग हे 'आच्छादित पार्किंग' ठरतं आणि महारेराने त्याच्या विक्रीला वाट ठेवली आहे. म्हणून ताईकडे पैसे मागणं हाच गुन्हा नव्हता. खरं मोजमाप न लिहिणं ही चूक होती: एप्रिल २०२४ च्या महारेरा आदेशाने वाटपपत्रात आणि करारनाम्यात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, क्रमांक, नेमकी जागा देणं बंधनकारक केलं आहे. नियमावलीतली चारचाकीची किमान जागा आहे २.५ बाय ५ मीटर. खांब धरून नव्हे.

वाडी तोडून केलेले सहा-आठ फ्लॅटचे प्रकल्प मात्र बरेचदा महारेराच्या नोंदणीतच येत नाहीत; पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर ती लागत नाही. तिथे कागद स्वतःच नीट वाचायचे.

पार्किंगची जागा एफएसआयमध्ये धरत नाहीत हे खरं. त्यावरून लोक पुढचं अनुमान काढतात की मग तिथे ऑफिस, केअरटेकरची खोली, स्कूबावाल्याचं दुकान काढायला हरकत नाही. हरकत आहे ती नेमकी यामुळेच. सवलत गाडीसाठी होती. भिंत घातली की ते मंजुरीबाहेरचं बांधकाम होतं आणि नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते.

आणि समुद्राकडची पट्टी. 'तिथे बांधता येत नाही ना, मग पार्किंग करू' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. भरतीरेषेपासून विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, आणि वाळूच्या टेकड्या सपाट करायला १९९१ च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेपासून मनाई आहे. सुरूच्या बनात जेसीबी घालून गाड्यांसाठी मैदान काढणं त्यातच मोडतं. तळघर हा उपायही सोपा नाही. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला तळघर हवं तर भूजलाच्या प्रवाहाला बाधा येत नाही असं राज्य भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. ज्यांच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय, त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको.

ताईने फ्लॅट सोडला नाही. करारनाम्याच्या मसुद्यात पार्किंगच्या रुंदीपुढे छापलेलं होतं २.५. तिने ते खोडून २.३१ लिहायला सांगितलं. समोरचा माणूस साहेबांना विचारतो म्हणून आत गेला. आठवड्याने फोन आला, जागा क्रमांक सातऐवजी अकरा देतो. मी पुन्हा टेप घेऊन गेलो. या वेळी खांब नव्हता, ड्रेनेजचा पाइप होता. पण दार उघडत होतं.