विचारायचं कुणाला?

पुणेकरांचं येरवडा, मुंबईकरांचं ठाणे, तसं आम्हा बडोदेकरांचं कारेलीबाग. घरात कुणी जरा वेगळं वागलं की थट्टेत तेच नाव निघायचं. तिथलं मनोरुग्णालय सयाजीराव महाराजांच्या काळापासूनचं. 1949 साली शहरात मेडिकल कॉलेज आलं, पुढे सयाजी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी झाली. तरी दांडिया बाजारातून तिकडे निघालेला माणूस शेजाऱ्यांना दाताचं दुखणं सांगून जायचा.

मागे बघताना मला मात्र लाजेपेक्षा दुसरंच खटकतं. ज्याला त्रास होतोय त्याला कुणी विचारतच नसे. 1912 चा कायदा सरळ वेड्यांचा कायदा होता. 1987 मध्ये त्याच्या जागी नवा मंजूर झाला, पण मर्जीविरुद्ध भरती करायची तर गाठ नातेवाइकांशी आणि मॅजिस्ट्रेटशीच. ओपीडीतही तोच प्रकार. डॉक्टर विचारणार, "झोप लागते का?" उत्तर आई देणार. भूक किती ते भाऊ सांगणार. पेशंट फरशीकडे बघत बसलेला, आणि औषधांची चिठ्ठी भावाच्या खिशात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड हे मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू लागतं. गोळी ज्याला घ्यायची त्यालाच हे ठाऊक नसे. मग आठवडाभरात गोळ्या बंद आणि "डॉक्टरचा काही उपयोग नाही" हा शेरा. नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवणारा डॉक्टर भेटला तर तो सोडू नये, असं माझं मत आहे. भिंतीवरच्या पदव्या नंतर वाचाव्यात.

2014 पासून गुजरातेत एक प्रयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटीराइट्स' कार्यक्रम सहा सरकारी ठिकाणी राबवला गेला, त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांचे सहकारी होते. यात औषध नवं नव्हतं. कर्मचाऱ्यांना रुग्णांचे हक्क शिकवले, रुग्णांना बोलतं केलं. वर्षभराने कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारलेला दिसला, आणि रुग्णही सेवेवर अधिक समाधानी होते.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आता आधीच लिहून ठेवता येतं. भूल न देता शॉक देण्यावर बंदी आली. असं लिहून ठेवलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही, ते सोडा.

ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत आणि गुजरातीतही. तिथे ज्याचं त्याला स्वतः बोलता येतं. गरज पडली तर पुढे डॉक्टरकडे पाठवतात, आणि तिथे पुन्हा आई शेजारच्या खुर्चीत येऊन बसते.