नियम डब्याला आहे, दाराला नाही

घरच्या घरी रंगकाम काढलं की पहिली धास्ती वासाची असते. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनचा वास सुटला की खिडक्या सताड उघडतात, बाळाची रवानगी आजीकडे होते, मांजराला दाराबाहेर काढलं जातं. दुसरा हात वाळला, वास विरला, की सगळे परत. पण खरी काळजी घ्यायचा दिवस त्याआधीच होऊन गेलेला असतो. तो दिवस जुना रंग घासण्याचा. त्या दिवशी कसलाच वास येत नाही, म्हणून मूल त्याच खोलीत रांगत असतं. घासकाम चाललेल्या दाराकडे जरा नीट पाहावं. खरवडून निघालेले पोपडे मोठे असतात, डोळ्यांना दिसतात, केरात जातात. पॉलिशपेपर फिरू लागला की मात्र पिठासारखी भुकटी उडते आणि चौकटीच्या खाचेत, फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. घासणारा उभा असतो. फरशीलगत जगणारे घरात दोघेच, मूल आणि मांजर. मूल तळवे टेकत पुढे सरकतं आणि तोच हात तोंडात घालतं. मांजराला तर त्याची स्वच्छताच नडते, कारण अंगावर बसलेली धूळ ते चाटून पोटात घेतं.

धुळीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. प्रश्न त्या धुळीतल्या शिशाचा आहे. रंग लवकर वाळावा, टिकावा, पिवळा-लाल झळकावा म्हणून ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगं घालत असत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचा माग काढत व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांकडे बोट दाखवलं होतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नसावं, हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दुकानदार हा ९०चा आकडा सांगतो तेव्हा तो विकायच्या रंगाबद्दल बोलत असतो. नियम डब्याला आहे, दाराला नाही. आजोबांनी लावून घेतलेल्या दारावर एकाखाली एक पाच थर असतील, तर त्यांतल्या खालच्यांना ९० ठाऊकच नाही.

‘आम्ही असलीच दारं-खिडक्या चावत मोठे झालो, काय झालं आम्हाला?’ हा आक्षेप हमखास येतो. काय झालं ते कुणी मोजलं नाही, एवढंच त्याचं उत्तर. शिसं बहुतेकदा ताप-पुरळ आणत नाही. ते बुद्धी, लक्ष, वागणं कुरतडतं, आणि त्याची कुठलीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. मूल झोपल्यावर घासू, हाही तोडगा लंगडाच. सकाळी त्याच फरशीवर ते उतरतं, आणि कोरड्या केरसुणीने आपण भुकटी पुन्हा हवेत उडवलेली असते.

घासणं टळतच नसेल तर पाण्यात भिजवलेला वॉटरपेपर घ्यावा, खाली प्लास्टिक अंथरावं, फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. पण ओल्या कामाला बादली लागते, आणि रांगत्या मुलाला बुडायला चार बोटं पाणीही पुरतं. म्हणून हौस कितीही असली तरी मूल आणि मांजर दोघांची पुसापुशी संपेपर्यंत दुसऱ्या घरी सोय लावल्याशिवाय घासकाम काढू नये. आणि २०१७ च्या आधीचं दार धड असेल, रंग कुठे सुटलेला नसेल, तर त्याला पॉलिशपेपर लावूच नका.